डावी बाही

थंडी त्या वर्षी लोचट पाहुण्यासारखी ठाण मांडून बसली होती. आज जाते, उद्या जाते म्हणता म्हणता तिने दोन महिने जास्तीचे काढले. नळाचं पाणी कडक, म्हातारीची बोटं कडक आणि बायकोचं बोलणं त्याहून कडक. मग एका शनिवारी दुपारी, कुणाचा निरोप न घेता, ती चालती झाली. शिंप्याच्या बायकोने चार महिन्यांनी पहिल्यांदा दुकानाची खिडकी उघडली. बाहेर जणू रांग लावून उभा असलेला कोवळा वारा आत घुसला आणि त्याने दुकानाची झडती घेतली. कपड्यांच्या मापाचे कागदी बेत उडाले, खडूची धूळ उडाली आणि टेबलाच्या कडेवरून आणखी एक वस्तू खाली घरंगळली. ती मात्र तेव्हा कुणी पाहिली नाही.

या शिंप्याला गावात कुणी शिंपी म्हणत नसे. त्याला सगळे ‘साडेपाच’ म्हणत. कारण तीस वर्षं त्याने प्रत्येक कपडा ठरल्या दिवशी साडेपाचच्या ठोक्याला दिला होता. पाच एकोणतीसला नाही, पाच एकतीसला नाही. एकदा नदीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा त्याने टेबलावर उभं राहून, नावेतून आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात पँट ठेवली. साडेपाचला. एक गिऱ्हाईक कपडे तयार व्हायच्या आतच वारलं, तर हा पठ्ठ्या कोट घेऊन त्याच्या घरी हजर. साडेपाचला. तो कोट मयताला इतका बेतशीर बसला, की आता हा उठून आरशात बघणार म्हणून दोन भाचे मागे सरकले. असं लोक सांगतात, आणि लोक काही उगाच सांगत नाहीत.

दुकानाचा एक नियम होता. टेबलावर ते गिऱ्हाइकाचं, टेबलाखाली ते पतंगाचं. वर्षभर जे काही कातरण खाली पडेल ते साडेपाचची आई एका पोत्यात भरून ठेवी. ऊन पडलेल्या पहिल्या रविवारी त्या कातरणाचा मोठा पतंग शिवून सगळं घर गावाबाहेरच्या माळावर जाई. म्हातारीचे डोळे आता अधू झाले होते, पण बोटं शाबूत होती. चिंधी चाचपून ती सांगे, ‘‘ही पोस्टमनच्या खिशाची. ही त्या जाड्या वकिलाची, कंबरेला वाढवली होती बघ.’’ सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान तिच्या बोटावर इतकी वर्षं होतं, की ते काढलं तर बोट निघून येईल अशी घरात चेष्टा चाले. हल्ली मात्र सुईत दोरा ओवायला तिला नात लागे. त्या वेळी कुणी तिच्याकडे बघत नाही ना, हे ती आधी कानाने तपासून घेई.

तर रविवार उजाडला. साडेपाचच्या डोक्यात सबंध दिवस आखलेला होता. बँडमास्तरांचा कोट आज द्यायचा होता. बागेतल्या चौथऱ्यावर वसंताची पहिली मैफल सहाला होती. गडद डाळिंबी रंगाचा कोट तयार होता, राहिली होती ती फक्त डावी बाही. ती दुसऱ्यांदा बेतावी लागली होती, कारण तीस वर्षं कर्णेवाल्यांना ‘थांबा, थांबा’ असं डाव्या हाताने दाखवून दाखवून मास्तरांचा तो हात दीड इंच लांब झाला होता. ते डाळिंबी कापड आता टाचणी टोचण्यापुरतंही शिल्लक नव्हतं. बाही कच्च्या दोऱ्याने जोडून, गुंडाळून टेबलावर ठेवली होती. तीनला परत यायचं, तासाभरात ती मुंढ्याला, म्हणजे खांद्याच्या गोलाईला जोडायची, इस्त्री फिरवायची, साडेपाच.

‘‘अहो, घड्याळ द्या,’’ बायको दारात हात पुढे करून उभी.

‘‘कशाला?’’

‘‘गेली अठरा वर्षं आपण माळावर जातो नि तुम्ही घोंगडीवर बसून घड्याळाची पूजा करता. आज पतंग खाली उतरेपर्यंत वेळेचं नाव काढायचं नाही. कबूल?’’

‘‘अगं, पण मास्तरांचा कोट...’’

‘‘पतंग कधी दोनच्या पुढे टिकलाय? वारा पडला की येतोच खाली. कबूल म्हणा, नाहीतर मी पोरींना घेऊन एकटी जाते.’’

तो कबूल म्हणाला. घड्याळ तिच्या पिशवीत, उकडलेल्या अंड्यांच्या आणि संत्र्यांच्या खाली गेलं. साडेपाचला आपला एक अवयव डब्यात भरल्यासारखं वाटलं.

माळावर सगळं गाव लोटलं होतं. चार महिने घरात कोंडलेली माणसं, दावं तुटलेल्या वासरांसारखी उधळली होती. झाडांना पोपटाच्या चोचीएवढी पालवी फुटली होती. धाकटी पोर सात वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालताना कुणी कधी पाहिली नव्हती. तिने उतारावरून संत्री सोडून त्यांच्यामागे शर्यत लावली. बायकोने पदर खोचून दोरीवरच्या उड्या मारल्या, चक्क त्रेपन्न. थोरलीने आजीला अनवाणी गवतावर चालवलं, तेव्हा म्हातारी म्हणाली, ‘‘लोकर आहे गं, मऊ. पण धुतली की आटेल.’’

साडेपाच घोंगडीवर बसला, उठला, पुन्हा बसला. मनगटाकडे बघितलं, तिथे नुसते केस. झाडाची सावली बुटापासून किती लांब आहे ते त्याने वितीने मोजलं. गावातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ माळावरून दिसत नसे, पण टोले ऐकू येत. पहिला टोला पडला आणि बायकोने जोरात गाणं सुरू केलं. गाणं संपलं तेव्हा टोलेही संपले होते.

‘‘किती पडले?’’ त्याने हळूच भिंगरीला विचारलं.

‘‘आईला विचारू?’’

‘‘नको.’’

मग पतंग चढला. यंदाचा पतंग एवढा मोठा होता की त्याच्या सावलीत एक कुटुंब जेवायला बसलं. थोरलीने तो शिवला होता, शेपूट आजीने निवडलं होतं. वारा असा काही लागला, की फिरकी भिंगरीच्या हातात भुंग्यासारखी गुणगुणायला लागली आणि पतंग सरसर वर गेला. शेपटाच्या टोकाला काहीतरी फुगलं आणि हलायला लागलं.

‘‘बाबा, बघा! पतंग आपल्याला टाटा करतोय!’’

सगळ्या माळाने वर पाहिलं. निळ्या आभाळातून एक हात लोकांना टाटा करत होता. डाळिंबी रंगाचा. डावा. दीड इंच लांब.

साडेपाचने आपली स्वतःची डावी बाही जागेवर आहे ना ते चाचपून पाहिलं.

‘‘यंदाचं शेपूट माझ्या पसंतीचं हं,’’ म्हातारी अभिमानाने म्हणाली. तिला वरचं काही दिसत नव्हतं, लोकांचं हसू तेवढं ऐकू येत होतं. ‘‘टेबलाखाली सापडलं काल. पतंग मोठा, म्हणून वजनदार कापड हवं होतं. म्हटलं, एवढं अख्खं कातरण कसं पडलं? पण पडलं तर पतंगाचं. लोक हसतायत ना रे?’’

‘‘हसतायत, आई.’’

‘‘म्हणजे आहे अजून माझ्या बोटांत काही.’’

आता सांगणार काय? ‘आई, तू गिऱ्हाइकाचा हात आभाळात पाठवलास’ असं म्हटलं असतं, तर म्हातारीने तिथल्या तिथे अंगुस्तान उतरवलं असतं. आणि नियम तर त्याचाच होता. त्याने तोंड शिवून घेतलं आणि फिरकीपाशी गेला.

‘‘दे बरं मला जरा. तुझे हात दुखले असतील.’’

‘‘नाही दुखले.’’

‘‘दुखतील.’’

‘‘बाबा, तुम्ही खाली ओढताय!’’

‘‘छे! ताण बघतोय.’’

त्याने दोन हात दोरा ओढला, वाऱ्याने चार हात परत घेतला. त्याने कंबरेला दोरा गुंडाळून मागे चालायला सुरुवात केली, तर वाऱ्याने त्याला टाचांवर घसरत पुढे आणला. बघणारे तर सांगतात, की त्याचे दोन्ही पाय घटकाभर जमिनीला लागत नव्हते आणि त्या अधांतरी अवस्थेतही तो किती वाजले असतील याचा हिशेब करत होता. दोन वाजले, वारा पडला नाही. तीन वाजले असावेत, कारण बायकोने लागोपाठ तीन कडवी म्हटली.

‘‘अहो, बसा की जरा! अंडं खा.’’

त्याने अंडं सालासकट तोंडात घातलं.

एवढ्यात कुणीतरी पाठीवर थाप मारली. वळून बघतो तर शर्टाच्या बाह्या दुमडलेले बँडमास्तर, बागेतून फिरत फिरत आलेले.

‘‘काय साडेपाच, पतंग काय झकास! आणि रंग तर अगदी माझ्या कोटाचा!’’

‘‘हो? असेल. हल्ली तो रंग फार चालतो.’’

मास्तरांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ वर पाहिलं. ‘‘आणि हात कसा हलवतो बघा. बरोब्बर तालात. असा डावा हात कमवायला मला तीस वर्षं लागली.’’ त्यांनी आपला डावा हात वर केला. वर एक हात, खाली एक हात, दोघे एकमेकांना ओळख दाखवू लागले. ‘‘बरं, कोट तयार?’’

‘‘साडेपाचला,’’ साडेपाच म्हणाला. तीस वर्षांत हा शब्द तो पहिल्यांदाच बुटांकडे बघत बोलला.

मास्तर गेले आणि त्याचा धीर सुटला. त्याने भिंगरीच्या हातून फिरकी हिसकावली, पाय रोवले आणि विहिरीतून हत्ती काढावा तसा हिसका दिला. दोरा तुटला.

भिंगरीने भोकाड पसरलं. ‘‘बाबांनी तोडला! मुद्दाम तोडला!’’

पतंगाने एकदा मान वळवून बघितलं, हात हलवला आणि गावाची वाट धरली.

‘‘पळा!’’ साडेपाच ओरडला.

‘‘अहो, जाऊ द्या, पतंगच तो!’’

‘‘पतंग नाही गं, ती मास्तरांची बाही आहे!’’ हे तो बायकोच्या कानात बोलला, पण ती बाई एकदम एवढी पांढरी पडली, की थोरलीला न सांगता कळलं. मग काय विचारता! बायकोने घोंगडी अंडी-संत्र्यांसकट गुंडाळली, थोरलीने आजीला पाठुंगळीला घेतलं.

‘‘काय झालं गं?’’ म्हातारी विचारत होती.

‘‘काही नाही आजी, शर्यत आहे.’’

‘‘मग जोरात पळ की!’’

उतार, पूल, भाजीबाजार. पतंग पुढे, भिंगरी मागे, तिच्यामागे साडेपाच. लोकांनी दारं-खिडक्या उघडून बघितलं, कारण साडेपाचला पळताना पाहिलेला माणूस गावात हयात नव्हता. दोन गच्च्यांवरच्या वाळत घातलेल्या चादरी बाहीने जाता जाता कुरवाळल्या. चौकात आल्यावर पतंगाने मनोऱ्याला एक चक्कर मारली आणि वरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या लोखंडी कोंबड्यात अडकून बसला. शेपूट घड्याळाच्या तबकडीवर लोंबलं, वाऱ्याने एकदा मागेपुढे झालं आणि मोठ्या काट्याने, थंडीत बाहेर निघालेला माणूस कोट घालतो तसा, आपला हात त्या बाहीत घातला.

पाच पंचवीस. काटा तिथेच थांबला.

मनोरा साडेपाचच्या दुकानाच्या अगदी समोर, आणि सुट्टीच्या दिवशी वरून गाव बघायला उघडा. थोरली दुकानातून कोट, सुया, दोरा घेऊन आली. एकशे अठरा पायऱ्या सगळं घर चढलं. साडेपाच तबकडीखालच्या सज्जातून कठड्यावर झुकला, बायकोने त्याचा पट्टा धरला आणि त्याने शेपटाची गाठ सोडून काट्याच्या अंगातली बाही अलगद उतरवली. मनगटापाशी सोडली तर सुरकुती म्हणून नाही! वाऱ्याने दिवसभर आतून इस्त्री केली होती.

बाही निघाली तसा काटा थरथरला आणि पुढे जायला निघाला. तोच बायकोने पतंगाच्या शेपटाची मोकळी दोरी काट्याला गुंडाळून गच्च गाठ मारली. काटा पुन्हा जागच्या जागी.

‘‘अगं, हे काय करतेस! घड्याळ थांबवतेस? खरे किती वाजलेत? माझं घड्याळ दे.’’

‘‘पतंग उतरलाय का?’’

त्याने वर पाहिलं. पतंग कोंबड्याला मिठी मारून होता.

‘‘मग वेळेचं नाव काढायचं नाही. तुम्हीच कबूल झालात. सुई धरा.’’

‘‘पण एकट्याला तासभर लागेल गं!’’

‘‘एकट्याला कोण सांगतंय?’’

मुंढ्याचे चार भाग केले. खांद्याकडचा त्याने घेतला, पुढचा बायकोने, मागचा थोरलीने. कोट मांडीवर घेऊन तिघं डोक्याला डोकं लावून बसली. म्हातारीने हात पुढे केला. बोटं बाहीवर फिरली, कापडाचा पोत बघितला, कच्चा दोरा बघितला, आणि मनगटापाशी शेपटाच्या गाठीचा चुरगळा लागला तिथे थांबली.

‘‘ही गाठ माझी,’’ ती म्हणाली.

खाली चौकात कबुतरं तेवढी घुमत होती.

‘‘गिऱ्हाइकाचं कापड होतं हे. अख्खी बाही. आणि मला कळलं नाही.’’

‘‘टेबलाखाली होतं ना, आई? मग बरोबरच केलंस. नियम माझा आहे.’’

‘‘नियम तुझा, पण बोटं माझी, लेका.’’ तिने अंगुस्तान ओढलं. ते खरंच निघेना. दोनदा पिळलं तेव्हा निघालं, खाली पांढरं, सुरकुतलेलं, लहान मुलासारखं बोट. तिने ते त्याच्यापुढे धरलं.

साडेपाचचा जीव आधीच सुईच्या टोकावर. कानात टिकटिक होत होती, ती घड्याळाची की काळजाची कोण जाणे. पण त्याने अंगुस्तानाला हात लावला नाही.

‘‘काखेतला भाग राहिलाय,’’ तो खेकसला. ‘‘तिथे न बघताच शिवावं लागतं, बोटांनी. आमच्या तिघांत कुणाला जमतं ते? आणि हे आता काय हातात धरून बसलीस? घाल ते. मास्तर यायचे.’’

म्हातारीने क्षणभर ऐकलं, आवाजात दया आहे का ते तपासलं. दया नव्हती, नुसती घाई होती. तेव्हा तिने अंगुस्तान घातलं. भिंगरीने सुईत दोरा ओवून दिला, आणि आजीने तो सगळ्यांदेखत घेतला.

मग चार सुया चालू झाल्या. कोवळं ऊन सज्जात तिरपं आलं होतं. एकमेकांच्या कोपरांना कोपरं लागत होती.

‘‘तुमचा टाका लांब पडतोय, बाबा.’’

‘‘मला शिकवतेस?’’

‘‘शिकवावं लागतंय.’’

भिंगरी कठड्यावरून खाली लक्ष ठेवून होती. ‘‘बाबा, मास्तर आले. दुकानाच्या पायरीवर बसले. बाबा, ते वर बघतायत. बाबा, मी हात केला. त्यांनी पण केला.’’

‘‘हात कसला करतेस! बाजूला हो!’’

शेवटचा टाका म्हातारीने घातला आणि दोरा दाताने तोडला. साडेपाच कोट घेऊन एकशे अठरा पायऱ्या एका दमात उतरला. काही लोक म्हणतात, तो मधल्या चाळीस पायऱ्यांना शिवलाच नाही. दुकानाच्या पायरीशी तो पोचला तसं त्याने वर बघून बोट उचललं. बायकोने गाठ सोडली. सुटलेला काटा इतका वेळ कोंडलेल्या पोरासारखा धावत निघाला, आणि मनोऱ्यातून एक टोला पडला. साडेपाच!

मास्तरांनी कोट घातला. डावा हात लांब केला. कापड मनगटावर जिथे यायला हवं तिथेच आलं.

मैफल घड्याळाप्रमाणे सहाला सुरू झाली. ऊन उतरून गेलं होतं, दिवे लागले होते. ‘वसंतात दिवस लवकर मावळायला लागला की काय,’ म्हणून दोघातिघांनी आश्चर्य केलं, पण बागेत आलेल्या माणसाला आणखी बसायचंच असतं. सगळं घर पहिल्या रांगेत होतं. एकटा साडेपाच खुर्चीत वळवळत होता. तीस वर्षांचा शब्द, आणि तो एका गाठीवर लटकावून ठेवलेला. कर्णे वाजत होते आणि त्याला प्रत्येक सुरात ‘लबाड, लबाड’ ऐकू येत होतं. मध्यंतरात तो तडक चौथऱ्यावर गेला.

‘‘मास्तर, कोट साडेपाचला मिळालेला नाही तुम्हाला.’’

‘‘मनोऱ्यात टोला पडला. मी मोजला. एकच पडतो, चुकायला जागा नाही.’’

‘‘घड्याळ बांधून ठेवलं होतं आम्ही.’’

‘‘दिसलं मला. चांगली गाठ होती.’’

‘‘आणि ती बाही... ती दुपारी...’’

‘‘अहो साडेपाच,’’ मास्तर वैतागून म्हणाले, ‘‘माळावर आभाळात माझाच हात मला टाटा करत होता. माझा हात मी ओळखणार नाही होय? तिथेच म्हटलं, आज बघू या गंमत. शिवाय तो वर ज्या तालात हलत होता, त्या तालात आज दुसरी चीज वाजवणार आहे. आता जा, बसा. काखेत मात्र शिवण फार सुरेख आहे. हात सुटतोय. ती कुणाची?’’

‘‘आईची.’’

‘‘वाटलंच. तुमची नाही ते कळत होतं.’’

तो परत येऊन बसला आणि मास्तरांचा निरोप त्याने आईच्या कानात सांगितला. म्हातारीचं अंगुस्तान खुर्चीच्या दांड्यावर तालात वाजायला लागलं.

‘‘आता तरी घड्याळ दे,’’ तो बायकोला म्हणाला. ‘‘नुसतं बघतो. हात नाही लावत.’’

बायकोने पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि हनुवटीने मनोऱ्याकडे दाखवलं. अंधारात कोंबड्यावर पतंग फडफडत होता.

त्याने पाय हलवला. घसा खाकरला. उठायला गेला.

म्हातारीने न बघता त्याच्या कोटाचं टोक धरून त्याला खाली ओढलं. ‘‘बस रे. शेपूट मास्तरांच्या अंगावर गेलं. बिनशेपटाचा पतंग कसला उतरतोय इतक्यात?’’